डेल्मर आयलर्सचं धसकटांचं रान

आमच्या काउंटीत माणसाची परीक्षा नोव्हेंबरात होते. मका निघाला, सोयाबीन निघालं, की बर्फ पडायच्या आत रान नांगरून तव्यासारखं काळं करून ठेवायचं. ज्याचं रान काळं तो नेटका. ज्याच्या रानात धसकटं उभी तो आळशी, नाहीतर आजारी, नाहीतर बायको सोडून गेलेला. रविवारी चर्चला जाताना लोक गाड्या हळू चालवतात त्या काही देवाच्या धाकानं नव्हे. शेजाऱ्याचं रान कुठवर काळं झालं ते बघायला. मीही बघते.

डेल्मर आयलर्सच्या रानात मात्र तीस वर्षं धसकटं उभी होती. तो आळशी नव्हता, आजारी नव्हता, आणि त्याची बायको आर्डिथ त्याला सोडून माहेरीसुद्धा कधी दोन दिवसांच्या वर राहिल्याचं मला आठवत नाही.

मी जोलीन. गावच्या धान्यकोठारावर वजनकाट्याच्या खिडकीत बसते. ट्रक भरलेला आला की तोलायचा, रिकामा झाला की पुन्हा तोलायचा, आणि मधल्या वेळात ड्रायव्हरची कर्मकहाणी ऐकायची. पगार तोलण्याचा मिळतो, दमायला होतं ऐकून. गावातली शाळा केव्हाच बंद झाली, तिच्या वर्गांत आता बियाण्याची पोती रचून ठेवतात. किराणा दुकान गेलं, बँक गेली, दोन चर्चचं मिळून एक झालं. उरलंय ते कोठार, पोस्ट आणि वाऱ्याची दिशा बदलली की डुकरांच्या शेडमधून येणारा वास. सुगीत मात्र अख्खी काउंटी माझ्या खिडकीखालून जाते, त्यामुळे कुणाचं काय चाललंय ते पास्टरच्या आधी मला कळतं.

डेल्मर उंच, किंचित पोक आलेला माणूस. डोक्यावर केव्हाच बुडालेल्या एका बियाणे कंपनीची टोपी, आणि अंगात असा सदरा की जो आर्डिथनं दोनदा फेकून दिला आणि त्यानं दोनदा परत आणला. बोलायचा कमी. पण एका गोष्टीवर त्याला छेडलं की मग थांबायचा नाही, आणि ती गोष्ट म्हणजे माती.

फार वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात आमच्याकडे पाऊस थांबलाच नव्हता. नद्या रस्त्यावर आल्या, गावं पाण्यात गेली. डेल्मरचं पश्चिमेचं टेकाड ओढ्याकडे उतरतं. तेव्हा तोही सगळ्यांसारखाच नांगरायचा. पाऊस ओसरल्यावर तो वर चढून गेला तर टेकाडाच्या माथ्यावर पिवळी चिकणमाती उघडी पडलेली आणि काळी माती खाली कुंपणाच्या तारेपर्यंत साचलेली. उरलेली ओढ्यातून निघून गेलेली.

"जोलीन," तो मला एकदा म्हणाला होता, "माझ्या आज्यानं ही जमीन घेतली तेव्हा फावडं दांड्यापर्यंत काळ्यात जायचं म्हणे. आता कागदावर जमीन माझ्या नावावर आहे, पण जमीन स्वतः पार खाली समुद्राला जाऊन मिळाली. मी कर भरतोय तो तिच्या आठवणीचा."

त्या वर्षी त्यानं नांगर ओढत नेऊन घरामागच्या झाडीत टाकला. पुढे त्याच्या फाळांमधून एक तुतीचं झाड उगवलं आणि असं वाढलं की नांगर काढायचा तर आधी झाड तोडावं लागेल. तेव्हापासून मक्याची धसकटं तशीच उभी ठेवायची, पालापाचोळा जमिनीवर तसाच राहू द्यायचा आणि वसंतात त्यातच बी टोचायचं, एवढीच त्याची शेती. पहिली काही वर्षं पीक कमी आलं. लोक हसले. मग पीक बरोबरीनं येऊ लागलं, तरी लोक हसतच राहिले, कारण हसायची सवय लागली होती.

"डेल्मर, तुझ्या रानाची दाढी करायला न्हावी पाठवू का?"

"पाठव की. माझीपण करून घेतो."

त्याच्या घरी गेलं की दोन गोष्टी चुकायच्या नाहीत. एक म्हणजे चहा. आमच्यातली निम्मी घरं मूळची जर्मनीच्या समुद्रकाठची, फ्रीजलंडची. आज्यांची भाषा गेली, पण चहा राहिला. कपात खडीसाखरेचा मोठा खडा, त्यावर कडक चहा, कडेनं सोडलेली साय, आणि ढवळायचं अजिबात नाही. कप रिकामा झाला की न विचारता पुन्हा भरतात. तीन कप झाल्याशिवाय उठणं म्हणजे घरच्यांचा अपमान. पुरे झालं की तोंडानं काही म्हणायचं नाही, चमचा कपात उभा ठेवायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे डेल्मरचं फावडं. चहा झाला की तो पाहुण्याला टेकाडावर न्यायचा, एक ढेकूळ उपटायचा आणि हातात द्यायचा. "वास घे." पावसानंतरच्या तळघरासारखा वास यायचा. ढेकूळ फोडलं की आत भोकंच भोकं, आणि करंगळीएवढी गांडुळं. तो ती नातवंडं दाखवावीत तशी दाखवायचा. जोराचा पाऊस झाला की त्याच्या टेकाडावरून ओढ्यात नितळ पाणी यायचं आणि रस्त्यापलीकडच्या रानांतून कोकोसारखं. पुढे गावच्या नळाच्या पाण्यात रानांतून वाहून आलेल्या खतांचा अंश इतका वाढला की तान्ह्या बाळांना ते देऊ नका म्हणून पोस्टात नोटीस लागली. माझी लेक बाळंत होऊन आली तेव्हा मी तीस मैलांवरून पाण्याचे कॅन आणत होते. चारी बाजूंनी ओढे, आणि नातवाला पाजायला पाणी विकतचं. तेव्हा पहिल्यांदा मला डेल्मरचं हसू आलं नाही.

रस्त्यापलीकडची ती रानं केन्ट हार्म्सची. केन्ट वाईट माणूस असता तर ही हकीकत सांगायला सोपी गेली असती. पण तो सोन्यासारखा माणूस. आडदांड, मोठ्या आवाजाचा, डोळ्यांत पाणी पटकन येणारा. जी जी कुटुंबं शेती सोडून शहरात गेली त्यांची रानं करत करत तो आमच्याकडचा सर्वात मोठा शेतकरी झाला, आणि त्याची यंत्रं एवढी मोठी की रस्त्यावरून आली तर आपण गाडी खाली घ्यायची. कुणाचं डुक्कर अडलं, कुणाची गाडी बर्फात रुतली, की केन्ट हजर.

दर शरदात तो डेल्मरच्या कुंपणाशी यायचा.

"डेल्मर, माझं औत मोकळं आहे. दोन तासांत तुझं टेकाड उलटून देतो."

"छे छे, तुला कशाला त्रास."

"अरे, त्रास कसला त्यात?"

"राहू दे रे. तुझीच कामं पडलीत डोंगराएवढी."

मग दोघं हवामानावर बोलायचे आणि केन्ट परत जायचा.

आता, आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणणं हा शिष्टाचार असतो. दुसऱ्यांदा नको म्हणणं हा संकोच. तिसऱ्यांदा म्हटलं तरच ते खरं नको. भूक लागलेला माणूससुद्धा दोनदा ताट सरकवतो आणि यजमान दोनदा पुढे करतो. केन्टनं तिसऱ्यांदा कधी विचारलं नाही, कारण म्हाताऱ्याला लाजवायला नको. आणि डेल्मरनं तिसऱ्यांदा कधी सांगितलं नाही, कारण विचारलंच नाही. असं तीस वर्षं चाललं.

मी एकदा डेल्मरला चांगलं झापलं होतं. "भीड भिकेची बहीण म्हणतात. सरळ सांग ना त्याला, की मला नांगर लावायचा नाही म्हणून!"

"आणि मग तो विचारेल का म्हणून."

"मग सांग का ते."

"काय सांगू? की बाबा, तू तुझी जमीन ओढ्यात घालवतोयस, आणि गावचं पाणीही? जोलीन, सकाळी उठून मला त्याच्याच घराचा दिवा दिसतो. त्याच्या बापानं माझ्या बापाला खांदा दिलाय. दोनदा विचारून तो जातो, त्यात काय बिघडतं? माझं टेकाड मी सांभाळतो. मी आहे तोवर त्याला फाळ लागायचा नाही, बस."

ही एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. पोरं शहरात, शेती त्यांना नको, हे त्यानं केव्हाच गिळलं होतं. मोठी यंत्रं, मोठं घर, उबदार फ्लोरिडात थंडी काढणं, कशाचीच हौस नव्हती. आपण मरू तेव्हा माथ्यावरची माती आपल्याला मिळाली त्यापेक्षा बोटभर जास्त काळी असावी, इतकंच.

गेल्याच्या गेल्या वर्षी सप्टेंबरात, सोयाबीन पिवळं पडू लागलं असताना, आर्डिथ त्याला जेवायला बोलवायला गेली तर तो यंत्रांच्या शेडमध्ये जमिनीवर पडलेला. अर्धांगाचा झटका. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. म्हणजे सगळी नाही. तीन शब्द तेवढे राहिले.

"तसं वाईट नाही."

आमच्याकडे कसं काय चाललंय विचारलं की प्रत्येक शेतकरी हेच म्हणतो. गारांनी मका झोपला तरी, आणि कणगी फुटायला आली तरी. हजारो वेळा म्हणून म्हणून ते वाक्य जिभेवर असं चिकटलेलं की बाकी सगळं पुसलं गेलं आणि ते उरलं. नर्सनं विचारलं, दुखतंय का? तसं वाईट नाही. आर्डिथनं विचारलं, मला ओळखलंस का? तसं वाईट नाही, आणि डोळ्यांतून धारा. डोक्यात सगळं शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून बरं वाटावं की वाईट, मला कळेना.

तिकडे रानात पीक उभं. आता आमच्या लोकांची ही एक रीत आहे, आणि तिच्यासाठी मी बाकी सगळे गुन्हे माफ करते: सुगीत कुणी अंथरुणाला खिळला की सगळे स्वतःचं काम टाकून त्याचं रान काढून देतात. केन्टनं आर्डिथला फोन केला. तिनं दोनदा "तुम्हाला कशाला त्रास" म्हटलं आणि मग रडू लागली. शनिवार ठरला.

त्या शनिवारी आठ हार्वेस्टर एका ओळीत डेल्मरच्या रानात शिरले. ट्रक एकामागून एक माझ्या काट्यावर. चर्चच्या बायकांनी हॅमची सँडविचं, बटाट्याचं सॅलड, भोपळ्याच्या वड्या, कॉफीचे पिंप असं सगळं बांधावर मांडलेलं. पास्टरनं प्रार्थना केली. स्वतःच्या भावाशी वीस वर्षं न बोलणारा माणूस त्या दिवशी भावाच्याच ट्रकमध्ये मका ओतत होता. शेवटचा ट्रक मी तोलला तेव्हा उन्हं अजून बरीच वर होती. मी मनात म्हटलं, या काउंटीचं काहीही होवो, इथली माणसं अजून माणसं आहेत.

सूर्य मावळताना केन्ट माझ्या खिडकीशी आला. चेहरा धुळीनं माखलेला, दात तेवढे पांढरे.

"झालं सगळं. आणि वर एक जादा कामही उरकलं."

"कसलं?"

"नांगरणी. उजेड होता, माणसं होती. माझं मोठं औत आणलं, पोरांनी आणखी दोन आणली. टेकाडासकट सगळं खोल उलटून टाकलं. एक धसकट शोधून दाखव." त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं. "तीस वर्षं त्या बिचाऱ्याला मदत मागायची लाज वाटत होती बघ. आज नको म्हणायला तो इथं नव्हता, म्हणून जमलं."

मी म्हटलं, "केन्ट, तू आर्डिथला विचारलंस?"

"विचारलं असतं तर ती नकोच म्हणाली असती ना!" तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "म्हातारा घरी येईल, खिडकीतून बघेल, आणि त्याला वाटेल की आपलंही रान चारचौघांसारखं आहे."

आठ घरांच्या माणसांनी स्वतःचं पीक उभं ठेवून दिवस दिला होता. डेल्मरची तीस वर्षं एका दुपारी उलटली, तीही प्रेमानं. मी काटा बंद केला आणि गाडीत बसून रडले.

दुसऱ्या दिवशी आर्डिथ कपडे न्यायला घरी आली. मी तिच्याकडे गेले तेव्हा ती अंगणात उभी होती, हातात गाडीची किल्ली तशीच. समोर टेकाड काळंभोर, तासं इतकी सरळ की मोजपट्टी लावून घ्यावी. रस्त्यानं जाणारी प्रत्येक गाडी हळू होत होती, आतून हात हलत होते. आर्डिथही हात हलवत होती.

आत आल्यावर ती खुर्चीत बसली.

"पास्टरनं आज चर्चमध्ये सांगितलं म्हणे सगळ्यांना. वर्तमानपत्रात फोटो येणार आहे."

"मी सांगते केन्टला. आत्ता जाते."

"काय सांगणार? की तुम्ही आठ घरांनी मिळून माझ्या नवऱ्याला मारलंत?" तिनं माझा हात धरला. "डेल्मरनं तीस वर्षं त्याला तोंडावर दुखवलं नाही. तो बोलता येईनासा झाल्यावर मी दुखवू? शपथ घे जोलीन. कुणाला सांगायचं नाही."

म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी शपथ घेतली. तिनं त्या आठवड्यात बसून आठही घरांना आभाराच्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि केन्टला खजुराचा केक पाठवला.

डेल्मरला नोव्हेंबरात घरी आणलं. त्याची चाकाची खुर्ची स्वयंपाकघरात, टेबलाच्या टोकाला, जिथं तो आधीपासून बसायचा तिथंच. तिथून पश्चिमेच्या खिडकीतून टेकाड दिसतं. आर्डिथनं तिथं जाड पडदा लावला होता. डेल्मर पडद्याकडे बघायचा, मग तिच्याकडे बघायचा. "ऊन फार येतं," ती म्हणायची. आमच्याकडे नोव्हेंबरात ऊन असतं कुठे.

एका रविवारी मी तिथंच होते. केन्ट भेटायला आला, जाकिटाची बाही डोळ्यांना लावतच आत शिरला. "अरे, म्हाताऱ्या! बरा दिसतोस की!"

"तसं वाईट नाही," डेल्मर म्हणाला आणि खरोखर हसला. केन्टवर त्याचा जीव होताच.

"आणि याला असं अंधारात काय कोंडून ठेवलंय?" आर्डिथ ओट्याकडून वळायच्या आत केन्टनं पडदा पार बाजूला सारला. "बघ! बघ तर खरं!"

डेल्मरनं बघितलं. बराच वेळ तो नुसता बघत राहिला, कुणा दुसऱ्याचं रान असावं तसा. मग त्याचा डावा हात खुर्चीच्या हातावर आपटू लागला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तीस वर्षं जे बोलला नव्हता ते सगळं घशाशी आलेलं मला दिसत होतं.

"तसं वाईट नाही," तो म्हणाला. "तसं वाईट… तसं… तसं वाईट नाही!" आणि लहान पोरासारखा हमसून रडायला लागला.

केन्टनं त्याला मिठी मारली. "असू दे रे, असू दे. आभार कसले मानतोस? शेजारी कशाला असतात?" तोही रडत होता. आर्डिथ पाठमोरी उभी राहून किटलीत पाणी ओतत राहिली, किटली भरून वाहिली तरी.

हिवाळ्यात रस्त्याकडेच्या बर्फावर वाऱ्यानं उडालेली काळी माती साचली. तशी ती सगळ्यांच्याच रानांकडेला साचते, पण आता डेल्मरच्याही. वसंतात आर्डिथनं जमीन केन्टला अर्ध्या वाट्यानं करायला दिली. दुसरं होतं कोण? त्यानं ढेकळं फोडून रान सपाट केलं, मका पेरला, आणि मेमध्ये एका दुपारी असा पाऊस झाला की रस्त्यावरचं दिसेना. ओसरल्यावर टेकाडात वरपासून खालपर्यंत घळ पडलेली. ओढा तिथपासून कोको. डेल्मर खिडकीत होता. पडदा आता आर्डिथ लावत नसे. तो लावू द्यायचा नाही.

पीक चांगलं आलं. केन्ट खूश. ऑक्टोबरच्या शेवटी मका काढून झाला आणि तो आर्डिथकडे चहाला आला. मी जुनी मासिकं परत करायला गेले होते, मलाही बसवलं. बाहेर रस्त्यावर त्याच्या ट्रॅक्टरला औत जोडून उभं होतं.

आर्डिथनं चहा ओतला. खडीसाखर कपात तडकली, तिनं साय सोडली. केन्टनं एका घोटात कप संपवला.

"मग म्हाताऱ्या, आज टेकाडापासूनच सुरुवात करतो. चालेल ना?"

"तसं वाईट नाही," डेल्मर म्हणाला. आणि त्याच वेळी त्याचा डावा हात बशीकडे गेला. चमचा सापडायलाच वेळ लागला. मग त्यानं तो उचलला आणि थरथरत स्वतःच्या कपात उभा केला. कप काठोकाठ भरलेला होता. एक घोटही घेतला नव्हता.

केन्ट हसला. "हे काय! पहिलाच कप, आणि चमचा? आर्डिथ काय म्हणेल!" त्यानं प्रेमानं चमचा काढून बशीत ठेवला.

डेल्मरनं पुन्हा उचलला. चहा टेबलावर सांडला. पुन्हा कपात.

"अरे, नको करू असं. थंड होईल तो." केन्टनं पुन्हा काढला.

मी आर्डिथकडे बघितलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले, हात चहाच्या भांड्यावर. शपथ मी घेतली होती, पण त्या क्षणी तिनं मान जरी हलवली असती तर मी ओरडले असते.

डेल्मरनं तिसऱ्यांदा चमचा उचलला. या वेळी तो कपाकडे बघत नव्हता. केन्टच्या डोळ्यांत बघत होता. चमचा कपात टाकला आणि त्यावर हात दाबून धरला, चहा गरम होता तरी.

केन्टचा हात पुढे आला आणि मधेच थांबला. कितीही आडदांड असला तरी तो आमच्यातलाच होता. तीन वेळा म्हणजे काय, ते त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं.

"आर्डिथ," तो हळूच म्हणाला, "याला नको आहे काहीतरी."

"हो."

"चहा?"

"चहा नव्हे, केन्ट."

त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. टेकाड, त्यातली ती घळ, रस्त्यावर उभं असलेलं स्वतःचं औत. कुणीच त्याच्या मदतीला गेलं नाही. त्याचं त्यालाच तिथवर यावं लागलं.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," आर्डिथ म्हणाली.

"म्हणजे गेल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी…" टोपीमुळे त्याचं कपाळ पांढरं राहिलेलं असतं. आता बाकीचा चेहराही तसाच झाला. "तो रडला होता. मी त्याला म्हटलं, आभार कसले…"

डेल्मरनं भाजलेला हात कपावरून काढला आणि केन्टच्या बाहीवर ठेवला. थोपटू लागला.

"तसं वाईट नाही," तो म्हणाला. "तसं वाईट नाही. तसं वाईट नाही."

केन्ट औत घेऊन तसाच घरी गेला. डेल्मर फेब्रुवारीत गेला. जमीन इतकी गोठलेली की खड्डा खणायला यंत्र आणावं लागलं. खांदा द्यायला केन्ट होताच.

या एप्रिलात केन्ट माझ्या खिडकीशी आला. ट्रक नव्हता, हातात कॉफीचा रिकामा डबा होता. त्यातलं ढेकूळ त्यानं माझ्यासमोर धरलं.

"टेकाडावरचं आहे. वास घे."

मी घेतला. काहीच वास येत नव्हता. मी फोडून बघितलं. घट्ट, विटेसारखं, आत एकही भोक नाही.

"पुन्हा फाळ लावणार नाही मी तिथं," तो म्हणाला. "पण पहिल्यासारखं व्हायला किती दिवस लागतील, जोलीन? तुला तो सांगायचा सगळं."

"डेल्मरला तीस वर्षं लागली."

केन्ट पुढच्या वर्षी सत्तरीत जाईल. त्यानं फुटलेले तुकडे एकेक करून पुन्हा डब्यात भरले, आणि मागं ट्रक येऊन उभा होता म्हणून खिडकी मोकळी करून दिली.